गार्डन ट्रॅक्टरचा गिअर दांडा तुटलाय? वेल्डिंगला पळायच्या आधी खाली बघा

गिअर टाकायला गेलो आणि नॉबसकट वीतभर दांडा हातातच आला. ट्रॅक्टर सेकंडमधे, इंजिन चालू, पाय क्लचवर, आणि मी हातातल्या दांडक्याकडे बघत बसलोय. पहिल्यांदा मी तेच केलं जे सगळे करतात, दोन तुकडे जोडले, वेल्डिंग मारलं, ग्राइंडर फिरवला, वरून काळा रंग, झालं काम. पंधरा दिवसांत परत तुटला, आणि गंमत म्हणजे वेल्डिंगवर नाही तुटला, त्याच्या बोटभर वर तुटला. मग बाजूने पट्टी मारली, तर पट्टीसकट वाकला. तिसऱ्या वेळेला डोक्यात उजेड पडला की दांडा बिचारा तुटतोय कारण खालून कोणीतरी त्याला धरून ठेवलंय आणि मी वरून अजून जोर लावतोय. खाली वाकून बघितलं तर क्लच दाबला तरी इंजिनचा जोर गिअरबॉक्सला नेणारा बेल्ट पुलीवरून सुटतच नव्हता. बेल्टच्या बाजूला एक छोटी लोखंडी सळई असते, बेल्ट ढिला झाला की त्याला पुलीपासून लांब धरायला, ती वाकली होती. तेवढ्यासाठी तीनदा वेल्डिंग.

म्हणून आधीच सांगतो, दांडा जोडणं हे यातलं सोपं काम आहे. तो का तुटला हे शोधणं हे खरं काम.

आत काय असतं ते थोडक्यात बघू, कारण ते डोळ्यासमोर नसेल तर नुसतं खोलून पसारा होतो. दांड्याच्या मधे एक गोळा असतो, त्यावर दांडा डुलतो. दांड्याच्या गोळ्याखालच्या टोकाला बोट म्हणतात. हे बोट आतल्या सळयांच्या खाचेत बसतं. सळईला फोर्क, म्हणजे दोन टोकांचा काटा, लावलेला असतो, फोर्क गिअरच्या खोबणीत बसतो आणि गिअरला शाफ्टवर इकडून तिकडे सरकवतो. सळईवर खाचा असतात, त्यात स्प्रिंगने दाबलेली एक गोळी बसते, गिअर पडल्यावर जो खट असा आवाज येतो तो त्या गोळीचा. काही ट्रॅक्टरमधे फोर्क नसतो, शाफ्टच्या आत सरकणाऱ्या चाव्या असतात आणि त्या गिअरला आतून पकडतात. आणि काहींचा दांडा थेट गिअरबॉक्समधे जातच नाही, तो मडगार्डवर असतो आणि खालून एक लांब रॉड गिअरबॉक्सच्या बाजूच्या लिव्हरला जातो. तुमचा कुठला ते सीटखाली डोकं घालून बघितलं की लगेच कळतं.

आता जरा हिशोब. समजा गोळ्याच्या वर दांडा ३०० मिमी आणि खाली ५० मिमी आहे. म्हणजे ६ पट. हाताने वर १० किलोचा जोर लावला की खाली बोटावर ६० किलो बसतो. खाली काही अडकलं असेल तर हा सगळा जोर दांडा सोसतो, आणि सगळ्यात जास्त ताण येतो तो गोळ्याच्या लगेच वर, म्हणून बरेच दांडे तिथेच जातात. हाच हिशोब उलटा पण लागतो, खाली १ मिमी झिजलं तर वर नॉबला ६ मिमी खेळ दिसतो, म्हणजे दोन सुतं. त्यामुळे नॉब लटलट हलतोय म्हणून लगेच गिअरबॉक्स गेला असं समजून घाबरू नका, खाली एक-दीड मिमीचीच झीज असू शकते.

ट्रॅक्टर मधेच कुठेतरी गिअरमधे अडकून पडला असेल तर आधी तो न्यूट्रलला आणायला पाहिजे. उरलेल्या खुंटावर लॉकिंग पक्कड घट्ट लावा किंवा त्यात बसेल असा पाइपचा तुकडा घाला, पण पाइप लांब घेऊ नका, हातभर पाइप घेतला की वरचा हिशोब अजून वाढतो आणि खालचं बोट पण मोडून ठेवाल. इंजिन बंद ठेवून एकाने ट्रॅक्टर जरासा पुढेमागे हलवायचा आणि दुसऱ्याने खुंट हळू ओढायचा, दातांवरचा ताण सुटला की गिअर आपोआप निघतो. हे सपाट जागीच करायचं. उतारावर असेल तर आधी चाकांना दगड.

चाकांचं नीट सांगतो कारण इथेच लोक आळस करतात. एकदा दांडा काढला की गाडी गिअरमधे आहे का न्यूट्रलला हे वरून कळत नाही, आणि छोट्या ट्रॅक्टरमधे ब्रेक बऱ्याचदा गिअरबॉक्सच्याच एका शाफ्टवर असतो, म्हणजे तिथे काम करताना ब्रेकवर विसंबून चालत नाही. चारही चाकांना पुढून मागून दगड किंवा लाकडी ठोकळे, चावी खिशात, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. नुसतं इंजिन बंद करून हात घालू नका.

मग खोलायच्या आधी दोन मिनिटं नुसतं हलवून बघा, अर्धं निदान त्यातच होतं. दांडा तुटलेला नाही, सगळीकडे मोकळा फिरतोय पण गिअरच बदलत नाही, तर बहुतेक रोल पिन (गुंडाळलेल्या पत्र्याची पोकळ पिन) कातरली किंवा रॉड सुटलाय, हे सगळ्यात स्वस्तातलं दुखणं. दांडा जाग्यावर गोल गोल फिरतोय तर गोळ्याला आडवी पिन असते ती गेली. गिअर पडतो पण चालता चालता निसटतो, तर गोळीची स्प्रिंग मेली, फोर्क वाकला किंवा गिअरच्या दातांच्या कडा गोल झाल्या. गिअर पडतच नाही, करकर करतो, पण इंजिन बंद असताना मात्र सगळे गिअर मस्त पडतात, तर दांड्याचा काही दोष नाही, क्लच सुटत नाहीये. आणि इंजिन बंद असताना पण जड जातोय तर सळई गंजलीय किंवा फोर्क वाकडा होऊन अडकतोय. दांडा तुटलेला असेल तर हे सगळं खुंटावर पक्कड लावून करून बघता येतं.

तुटलेला भाग पण नीट बघा, धुवायच्या आधी. तुटलेल्या तोंडावर एका बाजूला काळपट गंजलेला भाग आणि दुसऱ्या बाजूला चमकणारा दाणेदार ताजा भाग दिसला तर समजा की भेग आधीपासून होती, रोज थोडी थोडी वाढत होती, आणि आज फक्त उरलेलं तुटलं. म्हणजे रोज जोर लावायला लागत होता, म्हणजे दोष क्लचचा किंवा गिअरबॉक्समधल्या सळईचा. पूर्ण तोंड ताजं चमकदार असेल तर एका झटक्यात तुटला, कोणीतरी ठोकला किंवा गडी सीटवर चढताना दांडा धरून चढतो, आणि हे फार जण करतात. माझ्या दांड्याचं तोंड तीन भाग काळं आणि एक भाग चमकत होतं, पण पहिल्या वेळी मी त्याकडे लक्षच दिलं नाही, सरळ ग्राइंडर मारून पुरावा उडवला.

आता खोलायचं. आधी दांड्याच्या बुडाची सगळी माती, गवत, जुनं ग्रीस ब्रशने आणि डिझेलच्या फडक्याने साफ करा, कारण झाकण उघडलं की तिथला एकेक खडा सरळ गिअरमधे पडणार. मोबाइलमधे चारही बाजूंनी फोटो काढा, रॉड कुठल्या भोकात आहे, वॉशर कुठल्या बाजूला आहे, सगळं. नंतर आठवतं असं वाटतं, आठवत नाही. जुना दांडा पुठ्ठ्यावर ठेवून पेनाने त्याचा आकार उतरवून घ्या, त्यात वाक असतो, जोडताना तो वाक चुकला तर दांडा सीटला किंवा गुडघ्याला लागतो आणि पूर्ण गिअर पडत नाही.

दांडा काढायचे प्रकार दोन-तीन आहेत. कुठे गोळ्याच्या वर एक टोपी असते, ती काढली की दांडा वर उचलून येतो. कुठे सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी असते, तिला सर्क्लिपचीच पक्कड लागते, स्क्रूड्रायव्हरने उचकटलीत तर डोळ्याकडे उडते. कुठे तीन-चार बोल्टचं पूर्ण झाकण निघतं. झाकण चिकटलेलं असतं, ते स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, तिथे ओरखडा पडला की कायम तेल पाझरणार. लाकडाच्या ठोकळ्याने बाजूने हलके ठोके द्यायचे, सुटतं. उचलताना सावकाश उचला, कारण काही झाकणांखाली स्प्रिंग आणि गोळी नुसती ठेवलेली असते, झाकण वर गेलं की टुणकन उडते आणि मग ती शोधायला आख्खी संध्याकाळ जाते. मी फडकं अंथरूनच काम करतो आता. आणि बोल्ट आत पडला तर घाबरायचं नाही, दोऱ्याला लोहचुंबक बांधून सोडायचा, पण तो निघाल्याशिवाय झाकण लावायचं नाही, कितीही उशीर झाला तरी.

एक सांगायचं राहिलं. काही गिअरबॉक्स दोन अर्ध्या भागांचे असतात, वर झाकण असं नसतंच, आत जायचं तर पूर्ण गिअरबॉक्स चाकांसकट खाली उतरवायला लागतो आणि दोन फोडी वेगळ्या करायला लागतात. चाव्यांचा प्रकार पण बहुतेक यातच येतो. ते काम वेगळं, त्याला दोन दिवस, मॅन्युअल आणि मोकळं टेबल पाहिजे. नुसता दांडा किंवा रॉड तुटलाय म्हणून तो खोलायला जाऊ नका.

उघडलं की टॉर्च मारून आधी खाचा बघा. न्यूट्रलला सगळ्या सळयांच्या खाचा एका रेषेत असतात, बोट त्यातून आडवं मोकळं जाऊ शकतं. एखादी खाच पुढे मागे सरकलेली दिसली तर तो गिअर पडलेला आहे, मोठ्या स्क्रूड्रायव्हरने हळूच ढकलून रेषेत आणा. कधी कधी दोन खाचा सरकलेल्या असतात, म्हणजे दोन गिअर एकदम पडलेत, अशा वेळी क्लच दाबला तरी ट्रॅक्टर जागचा हलत नाही, चाकं पूर्ण जाम. लोकांना वाटतं गिअरबॉक्स फुटला. बऱ्याचदा फक्त बोट झिजून गोल झालेलं असतं आणि एका खाचेतून घसरून दुसरीत जातं, पहिला गिअर काढायच्या आधीच दुसरा पडतो. दोन सळयांच्या मधे एक छोटी पिन किंवा गोळी असते, ती एका वेळी एकच सळई सरकू देते, जुन्या गाड्यांमधे ती कोणीतरी आधी खोलताना हरवलेली असते आणि कोणाला पत्ता नसतो. ती आहे का नक्की बघा.

मग फोर्क. फोर्कची टोकं निळी पडली असतील तर ती तापलीत, म्हणजे कोणीतरी गिअर पूर्ण न टाकता दांडा हाताने दाबून धरून चालवत होतं. फोर्क एका बाजूने जास्त झिजला असेल तर तो वाकलाय. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) फोर्क थंड असताना ठोकून सरळ करू नका, तडकतो, तो बदलायचाच. तेलात बघा, बोटाला लागणारी चंदेरी बारीक पेस्ट जुन्या गाडीत असतेच, पण दाताचा तुकडा किंवा नखाएवढा कपचा मिळाला तर दांड्याचं काम बाजूला ठेवा आणि पूर्ण खोला.

गोळी आणि स्प्रिंग काढून हातावर घ्या. गोळीवर खड्डे असतील तर त्याच मापाची नवी टाका. स्प्रिंग तुटली असेल तर दिसतेच, पण मेलेली स्प्रिंग दिसत नाही, शेजारच्या सळईच्या स्प्रिंगशी लांबी लावून बघा, त्या बहुतेक सारख्याच असतात. जुनी स्प्रिंग ओढून लांब करायचा उद्योग मी केलाय, चार दिवस चालतो.

आता जोडकाम. आधी धातू ओळखा. दांड्यावर कानस मारा किंवा ग्राइंडर टेकवून ठिणग्या बघा. लांब, पिवळ्या, साध्या रेषा निघाल्या तर साधं लोखंड, बिनधास्त वेल्ड करा. ठिणग्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटत असतील तर कार्बन जास्त आहे, वेल्ड होतं पण आधी गरम करायला लागतं आणि सावकाश गार करायला लागतं. आणि आखूड, लालसर, मरतुकड्या ठिणग्या म्हणजे बीड. बिडावर वेल्डिंगचा साधा रॉड मारला तर जोड दिसायला छान दिसतो आणि शेजारून काचेसारखा तडकतो. त्याला पितळी ब्रेझिंग (पितळ वितळवून जोडणं) किंवा निकेलचा रॉड, नाहीतर सरळ नवा दांडा बनवा. दांडे मात्र बहुतेक वेळा साध्या लोखंडाचेच असतात, बीड असतं ते झाकण.

वेल्डिंग गाडीवर करू नका. दांडा काढून बाहेर, शिकंज्यात धरून. गाडीवर केलं तर करंट गोळ्यातून, बेअरिंगमधून जातो आणि तिथे बारीक खड्डे पाडतो, वर पेट्रोलची टाकी शेजारीच. नाइलाजच असेल तर बॅटरी काढून ठेवा, अर्थिंगचा चिमटा दांड्यालाच जोडाच्या अगदी जवळ लावा, टाकी उतरवून लांब ठेवा. आणि एक फार महत्त्वाचं, दांडा ब्रेक क्लीनरच्या स्प्रेने धुतला असेल आणि त्यात क्लोरीनवालं सॉल्व्हंट असेल तर त्यावर वेल्डिंग करू नका, उष्णतेने त्यापासून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो, थोडासा पण छातीत गेला तरी माणूस दवाखान्यात जातो. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, वायर ब्रश मारा. गॅल्वनाइज केलेला किंवा चकाकणारा मुलामा असेल तर तो पण जोडाच्या आसपास घासून काढा, त्याचा धूर चांगला नाही.

दोन्ही तुकड्यांच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी उतार द्या, मधे दोन मिमी सपाट ठेवा, म्हणजे आतपर्यंत माल भरेल. नुसतं वरवर लपेटलेलं वेल्डिंग म्हणजे आत भेग तशीच. पुठ्ठ्यावरच्या आकारावर दोन्ही तुकडे ठेवून दोन ठिकाणी टाके मारा, परत आकार बघा, मग आळीपाळीने समोरासमोर भरा, एकाच बाजूने भरत गेलात तर दांडा त्या बाजूला ओढला जातो. वेल्डिंगचा ६०१३ नंबरचा रॉड चालतो, ७०१८ असेल तर अजून चांगला पण तो कोरडा पाहिजे, दमट रॉड नको. झालं की पाण्यात बुडवू नका! कितीही घाई असली तरी नाही. चुर्र आवाज ऐकायला बरा वाटतो पण त्याने जोडाच्या कडेचं लोखंड ठिसूळ होतं, माझा दांडा दुसऱ्यांदा बोटभर वरून तुटला त्यात या चुर्रचा पण हात होता असं मला आता वाटतं. कोरड्या वाळूत किंवा राखेत खुपसून ठेवा, गार होऊ दे.

मला नुसत्या जोडापेक्षा बाही जास्त आवडते. दांड्यावर घट्ट बसेल असा पाइपचा तुकडा घ्या, जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जाईल एवढा, पाइपला दोन्ही अंगाला एकेक भोक पाडा, आधी आतला जोड भरून सपाट करा, मग बाही सरकवून भोकातून वेल्ड भरा आणि टोकं पण धरा. जोर जोडावर न येता बाहीवर वाटला जातो. फक्त बाही रबरी बुटाला (दांड्याच्या बुडाशी असलेल्या रबरी आवरणाला) किंवा दांडा ज्या खाचेतून फिरतो त्या पत्र्याला लागत नाही ना बघा. ज्यांच्याकडे वेल्डिंग नाही त्यांनी हीच बाही दोन आडव्या बोल्टने बसवली तरी चालते, बोल्ट ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, एकमेकांना काटकोनात, आणि भोकं अगदी बोल्टच्या मापाची, सैल भोक पाडलं तर पहिल्या दिवसापासून खडखड.

जोड घासताना ग्राइंडरचे ओरखडे दांड्याच्या लांबीला समांतर ठेवा. आडवा ओरखडा म्हणजे पुढच्या भेगेला सुरुवात करून दिल्यासारखं.

बोट झिजलेलं असेल तर त्यावर वेल्डिंगने माल चढवायचा आणि कानशीने घासत घासत खाचेत बसवायचं. हे काम कंटाळवाणं आहे पण करण्यासारखं आहे, कारण नॉबचा सगळा लटलटाट इथे जातो. अंदाज असा, बोट खाचेत हाताने सहज सरकलं पाहिजे पण बाजूला हलवलं तर अर्ध्या मिमीपेक्षा जास्त खेळ नको. ग्राइंडरने घाईत एकदम उडवलं की परत चढवा. कडा किंचित गोल ठेवा, टोकदार कोपरा खाचेत अडतो. गोळ्याखालची प्लास्टिकची किंवा पितळी वाटी झिजली असेल तर ती बदला, बोट नवं आणि वाटी जुनी असेल तर खेळ तसाच राहतो.

रॉडवाल्या प्रकारात बहुतेक भानगड पिनांची आणि बुशांची (भोकात बसणाऱ्या छोट्या नळ्यांची) असते. तुटलेली रोल पिन काढायची तर आधी आतला शाफ्ट आणि बाहेरची लिव्हर यांची भोकं एका रेषेत आणा, पिन दोन-तीन तुकड्यांत कातरलेली असते आणि रेष जुळल्याशिवाय ती कितीही ठोका, हलत नाही. मग पिनेपेक्षा किंचित बारीक सुंभा घेऊन सरळ ठोके. लिव्हरच्या खाली ठोकळ्याचा आधार द्या, नाहीतर ठोके आतल्या शाफ्टला आणि त्याच्या सीलला बसतात. तिच्या जागी खिळा घालू नका. खिळा मऊ, आठवड्यात चपटा होतो आणि भोक लंबगोल करून जातो. भोक आधीच लंबगोल झालं असेल तर एक माप मोठं ड्रिल करून एक माप मोठी पिन. स्प्लिट पिना नवीन घाला, जुन्या परत सरळ करून वापरल्या की तुटतात.

रॉडची सेटिंग करताना एक गोष्ट सगळे विसरतात. गिअरबॉक्सची लिव्हर न्यूट्रलला ठेवा, वरचा दांडा न्यूट्रलच्या खाचेत ठेवा, आणि मग रॉडची लांबी फिरवून अशी करा की ती ओढाताण न करता भोकात पडेल. मग प्रत्येक गिअर टाकून बघा की खालची गोळी खट करून बसायच्या आधीच दांडा मडगार्डच्या पत्र्याला टेकत नाही ना. टेकत असेल तर गिअर अर्धाच पडतोय, दात टोकावरच लागतायत, चालताना निसटणार आणि दात गोल करणार. पत्र्याची खाच चार मिमी घासून वाढवली तर काही बिघडत नाही, गिअर बिघडला तर खूप बिघडतं.

झाकण लावायच्या आधी तपासणी. मागची दोन्ही चाकं उचलून खाली भक्कम स्टँड द्या, नुसत्या जॅकवर नको. न्यूट्रलला एक चाक हाताने फिरवलं की दुसरं उलटं फिरतं, ते डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर), काळजी नको. मग एकेक गिअर टाका आणि दोन्ही चाकं बरोबर पुढे फिरवा, गिअरबॉक्सची पुली फिरली पाहिजे. चाकाच्या एका फेऱ्याला पुलीचे किती फेरे होतात ते मोजा, पहिल्या गिअरला सगळ्यात जास्त, मग कमी कमी होत जाणार, रिव्हर्सला पुली उलटी फिरणार. दोन गिअरना सारखेच फेरे आले तर बोट चुकीच्या खाचेत जातंय. पहिला गिअर हाताने फिरवायला जड जातो, घाबरू नका. हे करायला बेल्ट पुलीवरून काढलेला पाहिजे.

पॅकिंग फाटलं असेल तर जाड कागदाचं नवं कापा किंवा सिलिकॉन लावा, पण पातळ थर, जास्त लावलं की आतल्या बाजूने लोंबतं आणि तुटून तेलात फिरतं. तेल जे लिहिलंय तेच. बऱ्याच गिअरबॉक्सना ईपी ९० गिअर ऑइल चालतं, पण आत पितळी भाग असतील तर डब्यावरच्या जीएल-४ आणि जीएल-५ या तेलाच्या दर्जांमधला फरक बघून घ्या, जीएल-५ मधे गंधकवाले घटक जास्त असतात आणि काही प्रकार पितळ खातात. ज्या गिअरबॉक्समधे मुळात ग्रीस भरलेलं असतं त्यात तेल ओतू नका, त्याचे सील तेलासाठी नसतात, दुसऱ्या दिवशी सगळं खाली.

आणि आता मूळ रोग, क्लच. बेल्टवाला क्लच असेल तर इंजिन बंद ठेवून कोणालातरी पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि गिअरबॉक्सची पुली हाताने फिरवा. न्यूट्रलला ती मोकळी फिरली पाहिजे, बेल्ट तिच्यावर नुसता लोंबकळला पाहिजे. घासत असेल तर बेल्टच्या बाजूच्या त्या छोट्या सळया बघा, बेल्ट चुकीच्या मापाचा किंवा चुकीच्या जागेवरून गेलाय का बघा, पेडलची स्प्रिंग बघा. बेल्ट ताणलेला असताना ही सळई बेल्टला लागत नाही पण अगदी जवळ असते, फार लांब गेली की तिचा उपयोग शून्य. प्लेटवाला क्लच असेल तर पेडलचा मोकळा खेळ मॅन्युअलप्रमाणे लावा, खेळ जास्त झाला की प्लेट पूर्ण सुटत नाही आणि गिअर करकरतो.

या जुन्या छोट्या ट्रॅक्टरमधे बहुतेक वेळा कारसारखं सिंक्रोमेश (गिअर टाकताना त्यांचे वेग जुळवणारी यंत्रणा) नसतं, सरकणारे साधे दात असतात. म्हणून थांबूनच गिअर बदलायचा, पूर्ण थांबून. चालत्या गाडीत टाकला की दात दातावर आपटतो आणि तोच धक्का दांड्यात येतो. थांबूनही पडत नसेल तर दात दातासमोर आलाय, न्यूट्रलला क्लच जरासा सोडून परत दाबा, दात थोडा सरकतो, मग पडतो. ठोसा मारायचा नाही. घरात दुसरं कोणी चालवत असेल तर हे त्याला पण सांगा, माझ्याकडे दांडा दोनदा माझ्या हातात तुटला पण रोजचा जोर लावणारा वेगळाच होता, नाव घेत नाही, घरातलंच माणूस आहे.

पहिली फेरी सपाटीवर, मागे काही न जोडता, पहिल्या गिअरला. तासभर चालवून झाकणाचे बोल्ट आणि रॉडचे नट परत आवळा.

रबरी बूट फाटला असेल तर तो मिळेपर्यंत उघडा ठेवू नका, पाणी आणि धूळ सरळ गोळ्यावर जाते आणि वाटी परत झिजते. टायरची जुनी ट्यूब घ्या, हाताच्या तळव्याएवढा गोल तुकडा कापा, मधे दांड्याच्या अर्ध्या जाडीचं भोक पाडा, साबण लावून दांड्यावरून खाली ओढा आणि कडेला तारेने किंवा होजक्लिपने बांधा. माझा असा लावलेला तुकडा अजून तसाच आहे, नवा बूट आणून डब्यात ठेवलाय तो ठेवलाच आहे.